तांब्यावर छापलेला आवाज

इस्त्री म्हणाली, "कापड आढळले नाही."

विश्राम तोडणकरांनी तिला पुन्हा तांब्याच्या पत्र्यावर दाबून धरलं. तिने पुन्हा तेच सुनावलं आणि स्वतःला थंड करून घेतलं. अशा वेळी माणूस काय करतो? दोन सणसणीत शिव्या हासडतो. इस्त्रीला, नाहीतर ती बनवणाऱ्याला, अगदीच कोणी नाही सापडलं तर आतल्या बायकोला ऐकू जाईल अशा बेताने भिंतीला. विश्रामांना तेवढीही सोय नव्हती. त्यांचा आवाज समोरच्या स्टीलच्या वाटीत पडला होता.

आवाज म्हणजे एक काळी चिप. अंगठ्याच्या नखाएवढी, दोन्ही अंगांना मुंगीसारखे बारीक पाय. घशाच्या कॅन्सरमध्ये विश्रामांचं स्वरयंत्र काढावं लागलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांना कंठयंत्र दिलं होतं. मानेला एक पट्टी चिकटवायची आणि खिशात काड्यापेटीहून थोडी मोठी डबी ठेवायची. आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोललं की मानेचे स्नायू थरथरतात. पट्टी ती थरथर टिपते, चिप तिचा अर्थ लावते आणि डबीतून शब्द येतात. तेही परक्या आवाजात नाही, ज्याच्या त्याच्या स्वतःच्या. विश्राम रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. उभी हयात त्यांनी माइकवरून गाड्या पुकारल्या होत्या. ऑपरेशन तातडीचं निघालं, घरी बसून आवाज नोंदवून ठेवायला सवड मिळाली नाही, म्हणून यंत्रवाल्यांनी स्टँडवरची जुनी ध्वनिमुद्रणं मागवली आणि त्यांतून आवाज घडवला.

परिणाम असा झाला, की ते काहीही बोलले तरी घोषणा केल्यासारखं वाटायचं. "सुलभा... आमटीत... मीठ कमी आहे," हे असं यायचं, की लांज्याच्या प्रवाशांनी पटकन सामान उचलावं. त्यांची बायको सुलभाताई तोंडाला पदर लावून हसायच्या. मुलगी ऋजुता तर पुण्याहून फोन करून मुद्दाम विचारायची, "बाबा, आज जेवण किती उशिराने धावतंय?" हसण्याचे दिवस होते ते.

आता डबी उघडली की आत लापशी होती. नुसती करडी, चिकट लापशी, आणि तिच्यावर तांब्याच्या वाटा साईसारख्या तरंगत होत्या. ही लापशी ऋजुताचीच होती, आणि सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच होतं.

जुने सर्किट बोर्ड काचेच्या धाग्यांचे आणि राळेचे असत. वर तांब्याचा पातळ थर असे, तो कोरून वाटा करायच्या आणि त्या वाटांवरून वीज धावायची. उपकरण जुनं झालं, फेकलं, की हा बोर्ड काही केल्या कुजत नसे. फेकलेल्या मोबाइलांचे नि टीव्हींचे डोंगर झाले. ते जाळून तांबं काढणाऱ्या वस्त्यांमधली माणसं खोकून खोकून मरायला लागली. तेव्हा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ऋजुता तोडणकर या तरुण संशोधिकेने केळीच्या सोपटाच्या धाग्यांपासून बोर्ड तयार केला. धागे सांधणाऱ्या राळेत तिने डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्या पेरल्या. हवेतली वाफ त्या कुप्यांचं कवच हळूहळू झिजवते. मुदत भरली की कवच फुटतं, आतलं विकर राळ खाऊन टाकतं आणि बोर्डाची लापशी होते. ती पाण्याने धुतली की चिपा आणि तांबं आयतं हातात. जाळायला नको की पुरायला नको. सरकारने तिला विलयपट असं भारदस्त नाव दिलं आणि कायदाच केला: यापुढे सगळे बोर्ड विलयपटाचे, जुन्या बोर्डांची विक्री बंद. लोकांनी मात्र त्याचं नाव ठेवलं 'भिजका पापड'.

मुदत सात वर्षांची होती. पण ती ठरवली पुण्याच्या हवेत! रत्नागिरीच्या दमट हवेत पापड चौथ्याच वर्षी भिजायला लागले. कोणाचा पाण्याचा पंप बसला, कोणाचा मिक्सर रडायला लागला. वस्तू बदलून मिळत होत्या, तक्रारीला जागा नव्हती. फक्त विश्रामांच्या कंठयंत्राचं मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. नवं यंत्र देऊ म्हणाले, पण त्यात ही जुनी चिप बसत नव्हती. त्यात 'प्रमाणित पुरुष आवाज' होता, तीन प्रकारांत.

ऋजुता मागच्या महिन्यात घरी आली होती. डबीतला आवाज तेव्हाच अडखळायला लागला होता. विश्रामांनी जेवताना विषय काढला.

"तुझ्या लॅबमध्ये... जुन्या पद्धतीचा... एक बोर्ड करून दे."

"बाबा, ते सोडून बोल. नियम मी लिहिलाय. माझ्याच बापासाठी मी तो मोडला, तर उद्या कुठल्या तोंडाने दुसऱ्याला सांगू?"

"मग नियम... बदल."

"अर्ज टाकलाय रे. किनारपट्टीसाठी वेगळी राळ हवी, माझंच गणित चुकलं, असं लेखी दिलंय मी. समिती बसेल, तपासेल. तोवर नवं यंत्र वापर ना. आवाज वेगळा असला म्हणून काय झालं? बोलणारा तूच ना?"

हे शेवटचं वाक्य विश्रामांना मिरचीसारखं झोंबलं. त्यांनी ओठ हलवले आणि डबीतून घोषणा झाली:

"तुझ्या हातचं... काही टिकत नाही. ना बोर्ड... ना संसार."

ऋजुताच्या घटस्फोटाला वर्षही झालं नव्हतं. माणूस रागाने ओरडला तर ऐकणारा निदान म्हणतो, रागात होता, जीभ घसरली. पण कंठयंत्राला राग येत नाही. ते वाक्य अगदी स्वच्छ, थांबत थांबत, सर्व प्रवाशांच्या माहितीसाठी सांगावं तसं आलं. फक्त दोनदा पुकारायचं राहिलं. ऋजुताने ताटातला भात संपवला, ताट घासून ठेवलं आणि संध्याकाळची गाडी पकडली.

विश्रामांचे पुढचे काही दिवस ताठ्यात गेले. लेक फोन करील मग बघू, असं म्हणत राहिले, आणि बघेपर्यंत डबीने राम म्हटला. मग मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मेसेज लिहिला: 'चुकलं माझं.' उत्तर आलं: 'ठीक आहे बाबा.' ठीक आहे! दार लावून घेणाऱ्यांनी शोधून काढलेला शब्द आहे हा. त्यानंतर ती फक्त आईशी बोलायची, आणि आईशी बोलताना बाबांच्या तब्येतीची चौकशी शेजाऱ्यांनी करावी तशी करायची.

सुलभाताईंच्या भाच्याने एक उपाय सुचवला. चोरून चालणाऱ्या जागा होत्या, तिथे कोणाचाही आवाज हुबेहूब बनवून मिळत असे. आपण टाइप करायचं, यंत्र वाचून दाखवणार. विश्रामांनी हात झटकला. टाइप केलेलं वाचून दाखवणं म्हणजे बोलणं नव्हे. वाटीतल्या चिपेने इतक्या वर्षांत त्यांच्या मानेची थरथर शिकून घेतली होती. ते अडखळले की ती अडखळायची, ते घाईत असले की तीही धावायची. जे वाक्य या चिपेतून गेलं ते याच चिपेतून परत घ्यायचं, लेकीला स्वतःच्या तोंडाने सांगायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्यासाठी हवा होता एक बोर्ड. न विरघळणारा.

आणि बोर्ड बनवणं त्यांना नवीन नव्हतं. पूर्वी स्टँडचा ॲम्प्लिफायर रुसला की कोणाची वाट न बघता ते घरीच नवा बोर्ड बनवायचे. माळ्यावर तांब्याचा थर दिलेल्या जुन्या पत्र्यांचे चार तुकडे अजून होते. कृती साधी. वाटांचं चित्र लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापायचं. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे शाई नसते, ती प्लॅस्टिकची काळी भुकटी असते. छापील बाजू घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्यावर पालथी ठेवायची आणि वरून कडक इस्त्री फिरवायची. भुकटी वितळून तांब्याला चिकटते. मग कागद पाण्यात भिजवून बोटाने चोळून काढायचा, काळ्या वाटा तांब्यावर राहतात. शेवटी पत्रा फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यात हलवत ठेवायचा. उघडं तांबं विरघळून जातं, काळ्याखालचं वाचतं. संपलं.

संपलं कसलं! तिथूनच सुरू झालं.

घरच्या प्रिंटरने पहिला दणका दिला. नव्या जमान्याचा टोनर वनस्पतींपासूनचा, कागद पुन्हा वापरता यावा म्हणून साध्या पाण्याने धुऊन निघणारा. इस्त्रीआधी पारख म्हणून छापलेला कागद भिजवला, तर वाटा वाहून गेल्या. विश्रामांच्या ओठांवर एक इरसाल शब्द आला, आणि श्वासासाठी मानेला पाडलेल्या भोकातून नुसतीच हवा आली.

जुन्या पद्धतीचं मशीन साऱ्या गावात एकाच ठिकाणी होतं, कोर्टासमोर पावसकरच्या झेरॉक्सच्या दुकानात. वकिलांना वाहून न जाणारे कागद लागतात म्हणून त्याने ते जपलेलं. यंत्राच्या जुन्या माहितीपत्रकातून उतरवलेलं वाटांचं चित्र विश्रामांनी मोबाइलवर दाखवलं आणि खुणेने सांगितलं, हे छाप. पावसकर दुकानभर ऐकू जाईल असा ओरडला:

"काका! काय! हवंय! नकाशा? सातबाऱ्याचा?"

बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, अशी लोकांची ठाम समजूत असते. विश्रामांनी कानाला हात लावून 'ऐकू येतं' अशी खूण केली. पावसकरला वाटलं, मोठ्याने बोल म्हणतायत. तो आणखी ओरडला. शेवटी विश्रामांनी मोबाइलवर टाइप केलं, आणि मोबाइल एका गोड तरुणीच्या आवाजात म्हणाला, "ओरडू नकोस रे गाढवा." रांगेतले दोन वकील खो खो हसले. पावसकर मात्र फुगला.

"छापून देतो, पण मशीन खराब झालं तर मी जबाबदार नाही. आणि हा असला साधा कागद चालणार का तुम्हाला?"

नव्हता चालणार. कागद गुळगुळीत हवा, चकचकीत, नाहीतर त्याचे तंतू टोनरला धरून बसतात. गुळगुळीत कागदावर हल्ली कोण छापतं? मासिकं पडद्यावर गेली, लग्नपत्रिका पडद्यावर गेल्या. विश्राम घरी आले आणि त्यांना सुलभाताईंच्या कपाटातले जुने दिवाळी अंक आठवले. जाहिरातींची पानं कशी आरशासारखी! पानावर आधी छापलेलं असलं तरी बिघडत नाही, छपाईची शाई तांब्यावर उतरत नाही, टोनर तेवढा उतरतो. दागिन्यांच्या आणि मसाल्यांच्या जाहिरातींची काही पानं त्यांनी अलगद कापून घेतली, पावसकरकडून छापून आणली, आणि आता ही इस्त्री कापड शोधत बसली होती.

त्यांनी पत्र्यावर सुती रुमाल पसरला. इस्त्रीला कापड सापडलं, ती खूश होऊन तापली, पण कापडाला सोसेल तितकीच. टोनर अर्धामुर्धाच वितळला. वाटा मधेच तुटल्या, पहिले दोन तुकडे वाया गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी तवा तापवून त्यानेच दाबलं. तवा फार तापला, टोनर पसरला, दोन वाटा एकमेकींत मिसळून गेल्या. शिवाय घाईत फेरिक क्लोराइडची वाटी हिंदकळली आणि पांढऱ्या ओट्यावर गंजासारखा डाग पडला तो पडलाच. सुलभाताईंनी लिंबू लावलं, सोडा लावला, राखही लावून पाहिली. मग त्या हात धुऊन बाहेरच्या खोलीत आल्या, तिथे त्यांना कापलेले दिवाळी अंक दिसले, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे पान कुणी कापलं?"

विश्रामांनी कापलेलं पान वर धरलं. त्यावर आता वाटांचं चित्र होतं, खाली हार घातलेली एक नटी होती.

"मागे बघा."

मागे फणसाच्या सांदणांची पाककृती होती. 'स्पर्धेतील पहिले बक्षीस: सौ. सुलभा तोडणकर, रत्नागिरी', आणि वर त्यांचाच तरुणपणचा, नाकात नथ घातलेला फोटो. पानावर तापला तवा टेकून फोटोचा अर्धा भाग काळा पडला होता.

"छापून आलेलं माझं तेवढंच होतं हो," सुलभाताई म्हणाल्या. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आत जाऊन पिशवी भरली.

विश्राम दारात आडवे आले. ओठ हलवून, हात हलवून, छातीवर बोट टेकवून काय काय सांगत राहिले. सुलभाताईंना एरवी त्यांचे ओठ बरेच कळायचे. आज त्यांनी ते बघितलेच नाहीत.

"पावसला जाते, माहेरी माईकडे. मला दोन दिवस श्वास घेऊ द्या. आणि एक सांगू? तुम्हाला लेक हवीय की आवाज हवाय, ते एकदा ठरवा. लेक हवी असती तर एव्हाना पुण्याला जाऊन तिच्या दारात उभे राहिला असतात. तोंड बंद ठेवून का होईना."

त्या गेल्या. विश्राम ओट्याशी जाऊन उभे राहिले. सुलभाचं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांचा जळफळाट झाला. दारात उभं राहायचं आणि करायचं काय? हात जोडून मुक्यासारखं बघत राहायचं? त्या पोरीने त्यांच्या आवाजात ते ऐकलं होतं. रात्री डोळे मिटल्यावर तिच्या कानात तो आवाज तेच म्हणत असणार. त्याच आवाजाने दुसरं काही म्हटल्याशिवाय पहिलं कसं पुसलं जाणार? हे बायकोला सांगायलाही आवाजच लागतो, हा पुन्हा वेगळा वैताग.

शेवटचा तुकडा उरला. या वेळी त्यांनी कसलीही घाई केली नाही. तांबं घासणीने घासून, नखपॉलिश काढायच्या पाण्याने पुसून, बोटांचा ठसा लागू न देता कडेने धरलं. इस्त्री मागून उघडून कापड हुंगणारी तिची तार उपटून टाकली, तेव्हा त्यांना महिन्याभरात पहिल्यांदा बरं वाटलं. सुलभाताईंचं पान बाजूला ठेवून, उरलेल्या एका पानावर छापलेलं चित्र पालथं घातलं, एकसारखी इस्त्री फिरवली, पाण्यात भिजवलं, कागदाचा लगदा बोटाने हलके हलके चोळून काढला. वाटा काळ्याभोर, अखंड उतरल्या होत्या. एक जागा तुटक होती ती मार्करने भरली. तपकिरी पाण्यात पत्रा हलवत बसले. उघडं तांबं गुलाबी झालं, कडेकडेने विरलं, आणि खालचा काचेच्या धाग्यांचा थर दिसायला लागला. टोनर पुसला तर खाली तांब्याच्या लखलखीत वाटा, एक जादा नाही, एक कमी नाही. असा बोर्ड त्यांनी तरुणपणीही काढला नव्हता.

मग त्यांनी चिमट्याने चिप उचलून जागेवर ठेवली, आणि डोळ्यांवर भिंग ओढून पहिल्या पायापासून वाट तपासली.

पहिला पाय जिथे पडायला हवा तिथे शेवटचा होता. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. सबंध बोर्ड उलटा झाला होता.

चूक कशी झाली ते त्यांना क्षणात कळलं, आणि म्हणूनच कपाळ आपटून घ्यावंसं वाटलं. आयुष्यभर त्यांनी बनवलेल्या बोर्डांत सुटे भाग एका बाजूने बसवायचे, त्यांचे पाय भोकांतून पलीकडे काढायचे आणि तांब्याच्या बाजूला कथलाचा डाग द्यायचा. तिथे चित्र सरळच छापायचं असतं, पालथं घातल्यावर ते आपोआप बरोबर बसतं. ही चिप मात्र तांब्याच्याच अंगाला चिकटून बसणारी. तिच्यासाठी चित्र आधी आरशातल्यासारखं उलटं छापायला हवं होतं. नवशिक्याने ते कुठेतरी वाचून नीट केलं असतं. विश्रामांच्या हाताला मात्र सरळ छापायचीच सवय. हाताने विचारलंच नाही, आणि त्यांनी सांगितलंच नाही. पत्रा संपला, पानं संपली, आणि बाजारात यातलं काही मिळत नव्हतं.

त्यांनी तोंड उघडून जिवाच्या आकांताने आरोळी ठोकली. घर शांत होतं. नुसता श्वास सुटल्याचा फस्स आवाज आला, तोही त्यांच्याच मानेच्या भोकातून. स्वतःची चीड स्वतःलाही ऐकू येऊ नये, याच्याइतका वैताग दुसरा नाही. त्यांनी इस्त्री उचलून भिंतीवर मारली. तिचा आवाज तेवढा छान झाला.

बऱ्याच वेळाने ते पुन्हा टेबलाशी आले. वाट उलटी असेल तर चिपच उलटी केली तर? चिपेला पाठीवर निजवलं की तिचंही डावं-उजवं बदलतं. तेवढं जमतं. पण मग पाय हवेत वर जातात, आणि एकेक पाय विरुद्ध दिशेला वाकवून खाली तांब्यापर्यंत आणावा लागतो. पाय लापशीत राहून गंजलेले. एक तुटला तरी आवाज कायमचा गेला, अशी दुसरी चिप जगात नव्हती.

चिमटा हातात धरून ते बसले. कंपनीचं नवं यंत्र बाजूच्या खोक्यात तसंच पडलं होतं, प्रमाणित पुरुष आवाज, तीन प्रकारांत. त्यांनी ते खोकं पायाने टेबलाखाली ढकललं आणि पहिला पाय वाकवला. राहिला. दुसरा वाकवला. प्रत्येक पायाला त्यांचा श्वास अडकायचा आणि मग फस्सकन सुटायचा. एक पाय करकरला, त्यांनी हात काढून घेतला, अंगणात चक्कर मारली, पाणी प्यायले, परत येऊन तोच पाय आणखी हळू वाकवला. डाग देताना हात कापू नये म्हणून मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरलं. पोट वर करून मेलेल्या झुरळासारखी ती चिप बोर्डावर दिसत होती. त्यांनी पट्टी मानेला लावली, बॅटरी जोडली, आणि ओठ हलवले.

"सुलभा," डबीतून आलं.

घरात सुलभा नव्हती. विश्राम तरी आणखी एकदा म्हणाले, "सुलभा." मग त्यांनी फोन उचलला आणि पुण्याला लावला.

"हॅलो?" ऋजुताचा आवाज.

"ऋजू... मी बाबा... बोलतोय."

मग ती म्हणाली, "कोण बोलतंय?"

"मी... बाबा."

"माझ्या वडिलांचं यंत्र बंद पडलंय," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज एकदम सुरीसारखा झाला. "तो बोर्ड मी बनवलाय. तो पुन्हा चालू होऊ शकत नाही हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. गेल्या महिन्यात आमच्या लॅबमधल्या एकीला तिच्या वारलेल्या आईचा फोन आला होता, पैसे पाठव म्हणून. तुम्हा लोकांना काही लाज?"

एवढा खटाटोप करून मिळवलेला स्वतःचा आवाज, आणि तो खोटा ठरावा? तोही खऱ्यासारखा आहे म्हणून!

"अगो... नंबर बघ... नंबर माझाच आहे."

"नंबर कोणीही लावतं."

"तोंड दाखवू... व्हिडिओवर?"

"तोंडही लावतात हल्ली."

"तुझी आई... पावसला गेलीय... माईकडे. तू लहानपणी..."

"माझं लहानपण आईने हौसेने सगळं फेसबुकवर टाकलेलं आहे. ठेवते मी. आणि हा नंबर पोलिसांना देतेय."

"ऋजू!" विश्राम ओरडले. म्हणजे त्यांची मान ओरडली. डबीतून मात्र अतिशय सौजन्यपूर्ण "ऋजू" आलं, गाडी सुटायला अजून अवकाश असल्यासारखं. त्यांनी डबी मुठीत आवळली.

ती ठेवणार होती, पण ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता.

"बरं," ती म्हणाली. "एक विचारते. शेवटचं आम्ही स्वयंपाकघरात जेवत होतो. बाबा मला काहीतरी म्हणाला. ते कुठे नोंदलेलं नाही, मी कोणाला सांगितलेलं नाही, आईनेही नसेल सांगितलं. तुम्ही माझे बाबा असाल तर म्हणून दाखवा."

आता सोपं होतं. एक वाक्य, आणि लेक मिळत होती. विश्रामांनी ओठ उघडले. मानेला ते वाक्य पाठ होतं, पट्टीने पहिली थरथर टिपलीसुद्धा.

"तुझ्या..." डबी म्हणाली.

त्यांनी ओठ गच्च मिटले. पलीकडे ऋजुता थांबली होती. तिचा श्वासही थांबला होता, मार पडणार हे ठाऊक असलेल्या पोराचा थांबतो तसा.

"नाही," विश्राम म्हणाले. "ते मी... म्हणणार नाही. तू फोन ठेव. पोलिसांत... कळव. खोटा ठरलो... तरी चालेल. पण ते वाक्य... या तोंडातून... पुन्हा निघणार नाही. तेवढंच... सांगायला... हा सगळा..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. मान जोरजोरात हलत होती, पट्टी टिपत होती, पण त्या थरथरीला शब्द नव्हता. चिपेने तो शोधला, तिला सापडला नाही, आणि डबी गप्प बसली. एसटी स्टँडवरच्या माणसाने माइकवर हे कधी केलेलंच नव्हतं, तर ते त्या आवाजात कुठून येणार? पुण्यात ऋजुताला नुसती शांतता ऐकू येत होती. विश्रामांना वाटलं, संपलं, आता ही ठेवणार.

"बाबा?" ती म्हणाली.

डबी गप्पच.

"बाबा, ठेवू नकोस." तिचा आवाज फुटला होता. "तुला बोलता येईल तेव्हा बोल. मी थांबते."